पांढऱ्या वाहिनीचा शोध घेणारे झाँ पेके

माणसाच्या पाठीच्या कण्यासमोरून, पोटातून छातीत आणि छातीतून मानेच्या डाव्या बाजूकडे एक बारीक नळी जाते. तिची लांबी सुमारे ३८ ते ४५ सेंटिमीटर असते आणि जाडी जेमतेम काही मिलिमीटर. भिंत इतकी पातळ, की उपाशी माणसाच्या किंवा मृत शरीरात ती सहसा दिसतही नाही. मात्र स्निग्ध जेवणानंतर काही तासांनी हीच नळी दुधासारख्या पांढऱ्या द्रवाने भरून जाते. वैद्यकात तिला थोरॅसिक डक्ट, म्हणजेच वक्षवाहिनी म्हणतात. सतराव्या शतकात या वाहिनीचा संपूर्ण मार्ग आणि तिचे कार्य जगासमोर मांडण्याचा मान झाँ पेके या फ्रेंच वैद्याकडे जातो.

शोध लागला तेव्हा पेके विद्यार्थी होते आणि त्यांचे वय होते अवघे पंचवीस वर्षांचे. दीड हजार वर्षे मान्य असलेला एक सिद्धान्त या शोधाने मोडून काढला. त्याबद्दल युरोपातील नामवंत प्राध्यापकांची टीकाही त्यांना सोसावी लागली. पुढे आपल्या आश्रयदात्याबरोबर त्यांनी तुरुंगवास भोगला. आज गळ्याची, अन्ननलिकेची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया करणारा प्रत्येक शल्यचिकित्सक ज्या वाहिनीला जपतो, तिची कथा म्हणजे पेके यांच्या आयुष्याचीही कथा आहे.

दिएप ते पॅरिस

झाँ पेके यांचा जन्म ९ मे १६२२ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, इंग्लिश खाडीवरील दिएप या बंदराच्या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी २३ जुलैला इटलीतील शल्यवैद्य गास्पारे आसेल्ली यांनी एका जिवंत कुत्र्याच्या पोटात आतड्याला जोडलेल्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचे जाळे पाहिले. आधी त्यांना त्या मज्जातंतूच्या रेषा वाटल्या. एक रेषा कापताच तिच्यातून दुधासारखा द्रव बाहेर आला. तो कुत्रा काही वेळापूर्वीच जेवला होता. पुढे उपाशी कुत्र्यामध्ये त्या रेषा दिसल्या नाहीत आणि जेवू घातलेल्या कुत्र्यामध्ये पुन्हा दिसल्या. अन्नातील सार वाहून नेणाऱ्या या वाहिन्यांना पयोवाहिन्या म्हटले जाऊ लागले. आसेल्ली यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र या वाहिन्या पुढे कोठे जातात, या प्रश्नाचे आसेल्ली यांनी दिलेले उत्तर जुनेच होते. त्यांच्या मते त्या यकृताकडे जात होत्या. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यांनी असे शिकवले होते, की पचलेल्या अन्नाचा रस यकृतात जातो आणि तेथे त्याचे रक्त बनते. आपल्याकडील आयुर्वेदातही अन्नरसापासून रक्त तयार होण्याचा विचार आढळतो. गॅलेन यांच्या शिकवणीनुसार यकृत हे रक्ताचे उगमस्थान होते आणि युरोपातील विद्यापीठांत ते निर्विवाद सत्य मानले जाई. सोळाव्या शतकात इटलीतील बार्तोलोमेओ एउस्ताकी यांनी घोड्याच्या छातीत एक पांढरी शीर पाहून तिचे वर्णन केले होते. मात्र तिचे कार्य त्यांच्या लक्षात आले नाही आणि ती नोंद विस्मृतीत गेली.

पेके वैद्यकाच्या ओढीने पॅरिसला आले, त्या वेळी तेथील वातावरण नव्या कल्पनांनी भारलेले होते. इंग्लंडमधील विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला होता आणि त्यावरचा वाद अद्याप शमला नव्हता. हवेला वजन असते का, पोकळी अस्तित्वात असू शकते का, अशा प्रश्नांवर काचेच्या नळ्या आणि पारा घेऊन प्रयोग होत होते. तरुण पेके यांना शरीररचना आणि भौतिकशास्त्र या दोन्हींची गोडी लागली. शरीरातील द्रवही निसर्गाच्या सामान्य नियमांनुसारच वाहत असले पाहिजेत, अशी त्यांची धारणा बनत गेली.

पांढरा द्रव

१६४७ मध्ये पेके एका कुत्र्याचे विच्छेदन करीत होते. हृदय कापून बाजूला केल्यानंतर मोठ्या शिरेच्या कापलेल्या तोंडातून रक्ताबरोबर एक पांढरट द्रव ओघळताना त्यांना दिसला. आतमध्ये कोठेतरी गळू असावे आणि हा त्यातील पू असावा, असे त्यांना प्रथम वाटले. मात्र तपासणी करूनही गळू सापडले नाही. त्या द्रवाला पुवाचा वासही नव्हता. आतड्याजवळच्या पयोवाहिन्यांतील द्रवाशी तुलना केल्यावर दोन्ही एकच असल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

प्रश्न असा होता, की पोटातील हा रस यकृताला वळसा घालून थेट हृदयाजवळच्या शिरेत आला कसा? पेके यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सुमारे तीन वर्षे केला. प्राण्यांना आधी खाऊ घालून, ठरावीक वेळाने त्यांचे विच्छेदन करून त्यांनी पांढऱ्या द्रवाचा उलटा माग काढला. गळ्याच्या तळाशी, खांद्याकडून येणाऱ्या शिरांपासून सुरुवात करून ते छातीत उतरले. कण्याला लागून असलेली नळी त्यांना सापडली. तिच्यामागे खाली जात ते पोटाच्या वरच्या भागात, कमरेच्या मणक्यांसमोर असलेल्या एका लहान पिशवीपर्यंत पोचले. आतड्याकडून येणाऱ्या पयोवाहिन्या याच पिशवीत रिकाम्या होत होत्या. आज या पिशवीला सिस्टर्ना कायली म्हणतात. अनेक जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख पेके यांचा जलाशय असाच आढळतो.

पेके यांनी वाहिनी दोऱ्याने बांधून पाहिली. बांधलेल्या जागेच्या खाली ती फुगली आणि वरचा भाग रिकामा झाला. द्रव खालून वर जातो, हे यावरून सिद्ध झाले. वाहिनीच्या आतील झडपाही त्यांनी पाहिल्या. या झडपा द्रवाला मागे फिरू देत नाहीत.

हे सारे प्रयोग जिवंत प्राण्यांवर झाले आणि त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्राण्यांवरील प्रयोगांबाबतच्या आजच्या नियमांत असे प्रयोग बसणार नाहीत. मात्र मृत शरीरात ही वाहिनी मिटलेली आणि पारदर्शक असल्यामुळे केवळ शवविच्छेदनावर विसंबणाऱ्या पिढ्यांच्या नजरेतून ती सुटली होती.

यकृताचे सिंहासन

पेके यांचा लॅटिन ग्रंथ, एक्स्पेरिमेंटा नोव्हा अनाटोमिका, १६५१ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथ आकाराने लहान, परंतु त्याचा परिणाम मोठा होता. अन्नाचा पांढरा रस यकृतात न जाता वक्षवाहिनीमार्गे शिरांत आणि तेथून हृदयात जातो, असे त्यात सांगितले होते. तसे असेल, तर यकृत हे रक्ताचे उगमस्थान ठरत नव्हते.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पेके यांनी रक्ताभिसरण आणि या रसाची गती यांची चर्चा केली. अवयव द्रवाला आपल्याकडे ओढून घेतात, ही जुनी कल्पना त्यांनी नाकारली. श्वासोच्छ्वासाच्या वेळी होणारी छातीची हालचाल आणि आजूबाजूच्या अवयवांचा दाब यांमुळे रस पुढे ढकलला जातो, असे त्यांनी मांडले. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी त्यांनी हवेच्या दाबावरील तत्कालीन प्रयोगांची माहिती दिली. त्यात रोबेर्वाल यांच्या पोकळीत फुगणाऱ्या माशाच्या फुग्याच्या प्रयोगाचा आणि ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून १६४८ मध्ये प्वी द डोम या पर्वतावर झालेल्या प्रयोगाचा समावेश होता. १६५३ मध्ये लंडनमध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. हवेच्या लवचीकपणावर पुढे काम करणारे रॉबर्ट बॉइल यांनीही पेके यांचे लेखन वाचले होते. शरीररचनेचा एक ग्रंथ अशा रीतीने भौतिकशास्त्राच्या प्रसारालाही उपयोगी पडला.

१६५२ मध्ये पेके यांनी माँपेलिए विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. त्याच वर्षी कोपनहेगनचे प्राध्यापक थॉमस बार्थोलिन यांनी मानवी शरीरातही ही वाहिनी असल्याचे दाखवून दिले. नेदरलँड्समध्ये यान व्हॅन होर्न यांनीही १६५२ मध्ये स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. स्वीडनमधील तरुण विद्यार्थी ओलाउस रुडबेक यांनी शरीरभर पसरलेल्या लसीकावाहिन्यांवर काम करून १६५३ मध्ये ते प्रसिद्ध केले. बार्थोलिन यांनीही त्याच विषयावर लिहिले आणि श्रेय कोणाचे, यावरून डेन्मार्क व स्वीडनमध्ये दीर्घ वाद रंगला. यकृताचे राज्य संपले, असे जाहीर करून बार्थोलिन यांनी त्याच्यासाठी एक उपरोधिक मृत्युलेखही लिहिला.

तथापि, सर्वांनी हे मान्य केले नाही. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेतील वजनदार प्राध्यापक झाँ रिओलां यांनी पेके यांच्यावर कठोर टीका केली. रिओलां यांनी हार्वे यांच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धान्तालाही विरोध केला होता. पेके यांनी १६५४ च्या नव्या आवृत्तीत त्यांना उत्तर दिले. आश्चर्य म्हणजे स्वतः हार्वे यांनाही पेके यांचा निष्कर्ष पटला नाही. अन्नरस आतड्याच्या शिरांमधूनच शोषला जात असावा, असे त्यांचे मत होते. आयुष्यभर जुन्या मतांशी झगडलेले हार्वे वृद्धापकाळी एका तरुणाच्या नव्या मताबाबत साशंक राहिले.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात पाहिले, तर दोन्ही बाजूंकडे सत्याचा एकेक अंश होता. अन्नातील साखर आणि प्रथिनांचे घटक आतड्याच्या शिरांवाटे यकृताकडेच जातात. मात्र नेहमीच्या खाण्यातील तेल, तूप, लोणी यांतील बहुतांश स्निग्धांश पयोवाहिन्यांतून वक्षवाहिनीत आणि तेथून रक्तात मिसळतात. या द्रवाला पांढरा रंग येतो तो या स्निग्ध कणांमुळे. यकृत रक्ताचे उगमस्थान नाही, हे पेके यांचे म्हणणे खरे ठरले. मात्र त्याचे राज्य बार्थोलिन यांना वाटले तसे संपलेही नव्हते.

आश्रयदात्याबरोबर तुरुंगात

पेके यांना फूके घराण्याचा आश्रय लाभला होता. या घराण्यातील निकोला फूके हे १६५३ पासून फ्रान्सचे वित्तप्रमुख होते. साहित्यिक, कलावंत आणि विद्वान यांचे ते उदार पोशिंदे म्हणून ओळखले जात. पेके त्यांचे वैद्य आणि विश्वासू स्नेही बनले. सुप्रसिद्ध पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये यांच्या परिवारातही त्यांची वैद्य म्हणून ये-जा होती.

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फूके यांनी व्हो-ल-व्हिकाँत येथील आपल्या नव्या प्रासादात राजा चौदावा लुई याच्या सन्मानार्थ भव्य समारंभ केला. त्या वैभवाने राजा प्रसन्न होण्याऐवजी अधिकच संशयी झाला. ५ सप्टेंबर १६६१ रोजी नांत येथे फूके यांना अटक झाली. अटक करणारे अधिकारी होते द'आर्तान्याँ. अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबऱ्यांमुळे हे नाव पुढे जगभर पोचले.

फूके यांच्यावरील खटला तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पेके त्यांचे वैद्य म्हणून बास्तीयच्या तुरुंगात त्यांच्यासोबत राहिले. सत्तेची मर्जी फिरल्यावर अनेक जण फूके यांच्यापासून दूर झाले होते. पेके यांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. डिसेंबर १६६४ मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली आणि राजाने ती बदलून जन्मठेपेची केली. फूके यांना आल्प्समधील पिन्येरोल किल्ल्यात पाठविण्यात आले. तेथे त्यांच्याबरोबर जाण्याची परवानगी पेके यांना मिळाली नाही. वैद्य आणि रुग्ण यांची बास्तीयमध्ये झालेली ताटातूट मादाम द सेव्हिन्ये यांच्या पत्रव्यवहारात नोंदलेली आहे. फूके १६८० मध्ये कैदेतच मरण पावले.

अकादमी आणि अखेरची वर्षे

सुटकेनंतर पेके पुन्हा विज्ञानाकडे वळले. १६६६ मध्ये पॅरिस येथे विज्ञान अकादमीची स्थापना झाली, तेव्हा तिच्या पहिल्या सदस्यांत त्यांचा समावेश झाला. ज्या राजाने त्यांच्या आश्रयदात्याला कैदेत टाकले, त्याच राजाच्या आश्रयाखालील ही संस्था होती. तेथे क्लोद पेरो आणि लुई गायाँ यांच्यासमवेत त्यांनी विच्छेदनाचे काम केले.

याच काळात त्यांचा आणखी एक वाद गाजला. एद्म मारियोत यांनी डोळ्यातील अंधबिंदूचा शोध लावला होता. मज्जातंतू डोळ्यात शिरतो, त्या जागी काहीच दिसत नाही. यावरून दृष्टीचे खरे स्थान नेत्रपटल नसून त्यामागील काळसर आवरण असावे, असा निष्कर्ष मारियोत यांनी काढला. पेके यांनी १६६८ मध्ये त्याला उत्तर देऊन नेत्रपटलाची बाजू मांडली. पुढील काळात पेके यांचेच मत बरोबर ठरले.

२६ फेब्रुवारी १६७४ रोजी पॅरिस येथे झाँ पेके यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५१ वर्षांचे होते. ब्रँडी हे अनेक विकारांवरचे औषध आहे, अशी त्यांची समजूत होती आणि तिच्या अतिसेवनाने त्यांचे आयुष्य कमी झाले, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे.

वाहिनी फाटली तर

पेके यांच्या शोधाचे व्यावहारिक मोल कळायला आणखी दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल आणि जंतुनाशके यांमुळे गळ्याच्या व छातीच्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या. त्याबरोबर या नाजूक वाहिनीला इजा होण्याचे प्रसंगही पुढे आले. अमेरिकेतील हार्वे कुशिंग हे पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांनी १८९८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वक्षवाहिनीला होणाऱ्या जखमांवर लेख लिहिला होता.

प्रौढ माणसात या वाहिनीतून दररोज साधारणपणे दीड ते अडीच लिटर द्रव वाहतो. त्यात स्निग्धांश असतात, प्रथिने असतात आणि रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या लिंफोसाइट या पेशीही मोठ्या संख्येने असतात. वाहिनी फाटली, तर हा द्रव जखमेवाटे बाहेर येतो किंवा छातीच्या पोकळीत साठतो. छातीत साठण्याच्या स्थितीला कायलोथोरॅक्स म्हणतात. फुप्फुसावर दाब येऊन श्वास लागतो. गळती चालूच राहिली, तर रुग्णाचे पोषण खालावते, शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. रक्त फारसे न सांडताही माणूस दिवसेंदिवस खंगत जातो.

इजा कोठे झाली, यावर द्रव कोणत्या बाजूला साठणार हे अवलंबून असते. वाहिनी छातीच्या खालच्या भागात कण्याच्या उजव्या बाजूने जाते आणि पाचव्या वक्षीय मणक्याच्या आसपास डावीकडे वळते. त्यामुळे खालच्या भागातील इजेत बहुधा उजव्या आणि वरच्या भागातील इजेत डाव्या बाजूला द्रव साठतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया, मानेतील गाठी काढण्याच्या शस्त्रक्रिया, अपघात आणि भोसकल्याच्या जखमा ही अशा इजेची प्रमुख कारणे आहेत. भारतात तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. त्या उपचारात मानेतील गाठी काढाव्या लागतात. त्यामुळे मानेच्या डाव्या बाजूला, हसळीच्या हाडाच्या वर असलेला या वाहिनीचा अखेरचा भाग आपल्या देशातील शल्यचिकित्सकांच्या विशेष परिचयाचा आहे.

निदान तुलनेने सोपे असते. रुग्णाने जेवण सुरू करताच नळीतून येणारा द्रव दुधासारखा होतो. द्रवातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण प्रति डेसिलिटर ११० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास गळतीचे निदान जवळपास निश्चित होते. उपाशी रुग्णात मात्र हा द्रव पाण्यासारखाही दिसू शकतो आणि त्यामुळे फसगत होण्याची शक्यता असते.

पहिला उपचार आहाराचा असतो. रुग्णाला स्निग्धांशरहित आहार किंवा मध्यम साखळीचे स्निग्धांश असलेला विशेष आहार दिला जातो. हे विशेष स्निग्धांश पयोवाहिन्यांत न जाता शिरांवाटे थेट यकृताकडे जातात. त्यामुळे वाहिनीतील प्रवाह घटतो आणि जखम भरून येण्यास वाव मिळतो. गळती अधिक असल्यास तोंडावाटे अन्न बंद करून शिरेतून पोषण दिले जाते. साठलेला द्रव नळीने काढला जातो आणि ऑक्ट्रिओटाइड या औषधाचाही उपयोग केला जातो. अनेक रुग्णांत एवढ्यावर गळती थांबते.

प्रौढांमध्ये दररोज एक लिटरहून अधिक गळती काही दिवस सुरू राहिली किंवा दोन आठवड्यांनंतरही ती थांबली नाही, तर सहसा पुढील उपायांचा विचार होतो. छातीत शिरून वाहिनी बांधण्याची यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेतील लॅम्पसन यांनी १९४८ मध्ये नोंदविली. त्यापूर्वी अशा इजा झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत. वाहिनी बांधली तरी शरीर चालते, कारण लसीकेला शिरांत पोचण्याचे इतर लहान मार्ग असतात. पेके यांनी प्रयोगासाठी वापरलेला दोरा अशा रीतीने तीन शतकांनी उपचाराचे साधन बनला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिन कोप यांनी क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली सुईने वाहिनीत प्रवेश करून ती आतून बंद करण्याची पद्धत पुढे आणली. तिच्यामुळे अनेक रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळते. ही सुई बहुधा पोटातील त्याच जलाशयाच्या परिसरात नेली जाते, ज्याला पेके यांचे नाव मिळाले होते.

जुना प्रयोग, नवा उपयोग

आधुनिक शस्त्रक्रियागृहात पेके यांच्या पद्धतीच्या खुणा आजही दिसतात. फाटलेली वाहिनी शोधणे कठीण असते, कारण शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण उपाशी असतो आणि वाहिनी रंगहीन झालेली असते. अशा वेळी काही शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाच्या पोटात नळीवाटे साय किंवा तेल सोडतात. वाहिनी पांढऱ्या द्रवाने भरते आणि गळतीची जागा डोळ्यांना दिसते. आसेल्ली यांच्या कुत्र्याने योगायोगाने जे दाखविले आणि पेके यांनी जाणीवपूर्वक जे वापरले, तेच हे तत्त्व होय.

मानेची शस्त्रक्रिया संपताना भूलतज्ज्ञ काही क्षण रुग्णाच्या छातीतील दाब वाढवतात आणि शल्यचिकित्सक जखमेत पांढरा थेंब दिसतो का, हे पाहतात. श्वासाच्या दाबाने हा रस पुढे सरकतो, असे पेके यांनी १६५१ मध्ये लिहिले होते. ज्या रुग्णाच्या मानेत तो थेंब वेळीच दिसतो आणि एका टाक्याने थांबतो, त्याला पुढील कित्येक आठवड्यांचे हाल सोसावे लागत नाहीत.

पेके यांचे नाव आज सामान्य वाचकाला फारसे ठाऊक नाही. हार्वे किंवा पास्कल यांच्याइतकी कीर्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. पू समजून धुऊन टाकता आला असता असा एक पांढरा द्रव त्यांनी मात्र दुर्लक्षित केला नाही. तो कोठून आला, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत तीन वर्षे त्याचा पाठलाग केला. कायलोथोरॅक्समधून बरा होऊन घरी परतणारा प्रत्येक रुग्ण आजही त्या चिकाटीचा लाभार्थी आहे.